केटी बाय व्ही : डायलिसिसच्या रिपोर्टातला आकडा आला कुठून?

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या महिन्याच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस यांच्या जोडीला बहुधा केटी/व्ही नावाचा एक आकडा असतो. तो 1.2 च्या वर असला की ‘डायलिसिस नीट होतंय’ असं सांगितलं जातं आणि घरचे निर्धास्त होतात. हा आकडा भांडणातून जन्मला, आणि ते भांडण पुरतं मिटलेलं नाही.

नेदरलँड्समधल्या कांपेन गावात विलेम कोल्फ यांनी 1943 मध्ये सॉसेज भरायच्या सेलोफेनची नळी फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून पेशंटचं रक्त त्यातून फिरवलं, तेव्हा मोजण्याचा प्रश्नच नव्हता. पेशंट वाचला की नाही, एवढंच बघायचं. 1960 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारा टेफ्लॉनचा शंट (रक्त बाहेर घेण्या-सोडण्याची नळी) बसवला आणि त्याच त्या पेशंटवर वर्षानुवर्षं डायलिसिस करता येऊ लागलं. मग विचारणं भागच होतं : आठवड्याला किती तास पुरेसे?

युरिया म्हणजे एरवी किडन्या लघवीवाटे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ. रक्तातला युरिया तपासणं सोपं आणि स्वस्त. पण सिएटलच्या मंडळींना त्यावर भरवसा नव्हता. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांच्या रक्तात युरिया जास्त असूनही त्यांच्या हातापायांच्या नसा तुलनेनं शाबूत राहत होत्या. म्हणजे त्रास देणारं दुसरंच काहीतरी असावं. युरियापेक्षा मोठे रेणू, डायलिसिसमध्ये रक्त गाळणाऱ्या पडद्यातून सावकाश सुटणारे. 1971 मध्ये बॅब, स्क्रिबनर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की पडद्याचं क्षेत्रफळ आणि तास यांचा गुणाकार हे खरं माप. त्यांच्या हिशेबात वेळेला मान होता.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि 1973 पासून डायलिसिसचा खर्च प्रामुख्यानं सरकारच्या मेडिकेअर योजनेवर आला. आता तास म्हणजे पैसे. किती डायलिसिस पुरेसं, हे ठरवण्यासाठी सरकारी पैशातून पहिली मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 1981 मध्ये आले. दीडशेच्या आसपास पेशंट, चार गट : रक्तातला सरासरी युरिया कमी किंवा जास्त, वेळ साधारण तीन तास किंवा साडेचार-पाच तास. युरिया जास्त ठेवलेल्यांना दवाखान्यात अधिक वेळा भरती व्हावं लागलं. कमी वेळ घेणाऱ्यांचंही थोडं वाईटच दिसलं, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला जेमतेम उतरला नाही. ‘पी’ नावाचा आकडा (खरा फरक नसतानाही योगायोगानं असा निकाल दिसण्याची शक्यता) 0.05 च्या आत हवा होता, 0.06 आला. माझ्या मते पुढची सगळी गडबड या एका शतांशातून झाली.

1985 मध्ये फ्रँक गॉच आणि जॉन सार्जंट यांनी याच चाचणीची माहिती पुन्हा तपासली आणि केटी/व्ही पुढे आणला. के म्हणजे डायलायझर (पडदा असलेली यंत्राची गाळणी) मिनिटाला किती रक्त युरियापासून मोकळं करतो, टी म्हणजे वेळ, व्ही म्हणजे अंगातलं एकूण पाणी. साठ किलोच्या पुरुषात ते साधारण 35 लिटर. मिनिटाला 200 मिलिलिटर आणि चार तास धरले तर 48 लिटर साफ. भागाकार सुमारे 1.37. त्या विश्लेषणात 1 च्या आसपास पुरेसं वाटलं. आता गंमत बघा : के वाढवला की टी कमी करता येतो, आकडा तोच! मोठे डायलायझर आले, रक्ताचा वेग वाढला, तीन तासांत पेशंट मोकळा. याच सुमारास, 1983 मध्ये मेडिकेअरचे दरही कमी झाले होते. अमेरिकेतले डायलिसिसचे मृत्यू युरोप-जपानपेक्षा जास्त का, यावर 1989 मध्ये डलास इथे परिषद भरवावी लागली. दुसरीकडे फ्रान्समधल्या तासँ इथे बर्नार शारा आणि सहकारी आठ-आठ तासांचं संथ डायलिसिस करत होते; त्यांचे पेशंट अधिक जगत होते आणि बहुतेकांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या लागत नव्हत्या.

मोजण्याची पद्धत मात्र सोपी होत गेली. आधी आणि नंतर युरिया तपासून तो किती टक्के उतरला, ते बघायचं. 65 टक्के म्हणजे ढोबळमानानं 1.2. जॉन डॉगिर्डास यांच्या 1993 च्या सूत्रात काढलेल्या पाण्याचाही हिशेब आला. नंतरचा नमुना कसा घेतला, यावर बरंच अवलंबून असतं. पंप मंद न करता घेतला, तर नुकतंच साफ होऊन आलेलं रक्त त्यात मिसळू शकतं आणि आकडा उगाच छान दिसतो. शिवाय संपल्यावर अर्ध्या-एक तासात पेशींमधला युरिया रक्तात येऊन पातळी पुन्हा थोडी चढते.

आकडा आणखी वाढवला तर? 2002 मध्ये 1,846 पेशंटांवरच्या हेमो चाचणीत सुमारे 1.3 आणि 1.7 यांची तुलना झाली. एकूण मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक नाही.

आपल्याकडे अडचण वेगळी आहे. 1.2 ची किमान रेषा आठवड्याला तीन डायलिसिस गृहीत धरून आखली आहे. भारतात खर्च आणि येण्याजाण्याचे हाल यामुळे पुष्कळ जण दोनदाच येतात. 2016 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत सोय वाढली, तरी दोनची सवय सुटलेली नाही. अशा पेशंटच्या रिपोर्टात 1.3 दिसलं, तरी आठवड्याच्या हिशेबात ते कमीच पडतं. स्वतःच्या किडन्यांचं काम बऱ्यापैकी शिल्लक असेल, तरच भागतं. ते कळायला चोवीस तासांची लघवी साठवून तपासावी लागते. अमेरिकेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 1.4 चं लक्ष्य आहेच, पण किडनीचं काम फारसं न उरलेल्या आणि आठवड्यातून तीनदा येणाऱ्या पेशंटला प्रत्येक वेळी निदान तीन तास द्यावेत, असंही वेगळं लिहिलं आहे.