बोव्हेचं छत का कोसळलं?

पॅरिसच्या उत्तरेला फ्रान्समध्ये बोव्हे नावाचं शहर आहे. तिथल्या सेंट पीटर कॅथेड्रलमध्ये मान वर केली, की दगडी छत दिसतं ते जवळजवळ ४८ मीटरवर. पंधरा मजली इमारत आत सहज मावेल. मध्ययुगात गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीतलं, छत याहून वर कुणी नेलं नाही. काम १२२५ साली सुरू झालं, वेदीकडचा भाग १२७२ मध्ये पुरा झाला आणि अवघ्या १२ वर्षांनी, १२८४ मध्ये, त्याचं बरंचसं छत खाली आलं.

उंची झेपली नाही, दगड चिरडला, असं वाटणं साहजिक आहे. पण चुनखडीचा खांब स्वतःच्या वजनाने चिरडायचा, तर तो शेकडो मीटर उंच रचावा लागेल. दगडाला दाब सोसतो, ताण, म्हणजे ओढ, मात्र सोसत नाही. म्हणून भार किती, यापेक्षा तो कुठून जमिनीत उतरतो हे जास्त महत्त्वाचं.

टोकदार कमान अर्धगोल कमानीपेक्षा बाजूला कमी रेटते, पण रेटतेच. छताखालच्या दगडी फासळ्यांच्या वाटेने हा रेटा खांबांच्या माथ्यांवर येतो आणि खांबांना बाहेर ढकलू पाहतो. तो पेलायला भिंतीबाहेर जाड आधारस्तंभ उभे करतात आणि हवेतून झेपावणाऱ्या अर्ध्या कमानी त्यांना भिंतीशी जोडतात. हेच फ्लाइंग बट्रेस. आधारस्तंभावरचा टोकदार दगडी कळस नुसता शोभेचा नसतो. त्याच्या वजनाने तिरका रेटा खाली वळतो. रेट्याची रेषा दगडाच्या जाडीतच, शक्यतो मधल्या तिसऱ्या हिश्शात, राहिली पाहिजे. ती कडेला सरकली की उलट बाजूचा सांधा उघडतो.

बोव्हेला बट्रेस दोन टप्प्यांत आहेत आणि मधला आधारस्तंभ फार सडपातळ आहे. अमेरिकेतले अभियंते रॉबर्ट मार्क यांनी या रचनेची प्लॅस्टिकची प्रतिकृती केली. भार लावून ती तापवली, गार केली आणि ध्रुवित प्रकाशात पाहिली. भाराच्या खुणा रंगीत पट्ट्यांसारख्या उमटल्या. त्यांचा निष्कर्ष असा, की उंच उभ्या छपरावर वारा आपटला की त्या मधल्या स्तंभात ताण येई, सांधे उघडत, चुना झिजे. वेळच्या वेळी डागडुजी झाली नाही आणि स्तंभ गेला. पाया खचल्याचा तर्कही मांडला जातो, पण मार्क यांचं म्हणणं मला जास्त पटतं.

दुरुस्ती करणाऱ्यांनी सावध मार्ग धरला. दर दोन खांबांमध्ये आणखी एक खांब घातला. कमानींचा गाळा निम्मा झाला, छताचे चार भागांचे कप्पे सहा भागांचे झाले. तिथल्या कमानी आजही चिंचोळ्या, दाटीवाटीने उभ्या दिसतात.

धडा मात्र टिकला नाही. १५६९ मध्ये मधल्या चौकावर, म्हणजे इमारतीचे चार हात जिथे मिळतात त्या जागेवर, १५३ मीटरचा मनोरा चढवला. चौकाच्या तीन बाजूंना इमारतीचा टेकू होता. पश्चिमेला मुख्य दालन बांधलंच नसल्याने तिकडचे खांब उघडे पडले होते. ३० एप्रिल १५७३ रोजी, स्वर्गारोहणाच्या सणाला, मिरवणूक बाहेर पडल्यावर मनोरा कोसळला.

विसाव्या शतकात बट्रेसना बांधून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्या काढल्या, तर वाऱ्यात बट्रेस जास्त हलू लागले. सळ्या पुन्हा बसवाव्या लागल्या. मुख्य दालन अजूनही नाही. त्याच्या जागेवर दहाव्या शतकातलं बुटकं चर्च तसंच उभं आहे. दालन झालं असतं, तर हे चर्च पाडलं गेलं असतं.