बिनतोड सर्व्हिसला जागा फक्त एक अंशाची

२००९ च्या विम्बल्डन टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रॉजर फेडररने ५० बिनतोड सर्व्हिस (समोरच्याच्या रॅकेटला चेंडू लागतच नाही अशा) केल्या, अँडी रॉडिकने २७. पाचवा सेट १६-१४ पर्यंत ताणला गेला. सामन्याच्या ७७ गेममध्ये रॉडिकची सर्व्हिस भेदली गेली, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा गेम त्याने गमावला, तो एकदाच, अगदी शेवटच्या गेममध्ये. असा सामना म्हणजे नुसता दंडाच्या ताकदीचा खेळ, असं अनेकांना वाटतं. ताकद हवीच. पण चेंडू जायला जागा किती असते, ते एकदा मोजून बघा.

सर्व्हिस करतात ती कोर्टाची मागची रेषा म्हणजे बेसलाइन; तिच्यापासून जाळं ११.८९ मीटरवर. त्याच्या पलीकडे ६.४० मीटरवर सर्व्हिस बॉक्सची, म्हणजे सर्व्हिस जिथे पडायला हवी त्या चौकटीची, मागची रेषा. जाळ्याची मधली उंची ९१.४ सेंटिमीटर. त्या रेषेवरून जाळ्याच्या वरच्या कडेला टेकवून मागे सरळ दोरी ताणली, तर बेसलाइनपाशी ती जमिनीपासून २.६१ मीटर उंच येते. हात पूर्ण वर ताणून, रॅकेटसह, उंच खेळाडूचा चेंडूशी संपर्क २.८ मीटरच्या आसपास होतो. म्हणजे सरळ रेषेत मारायला वाव जवळजवळ नाहीच. बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं.

चेंडूचा सरासरी वेग सेकंदाला ५० मीटर धरू, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. जाळ्यापर्यंत ०.२४ सेकंदात तो २८ सेंटिमीटर खाली येतो, रेषेपर्यंत ०.३७ सेकंदात ६६ सेंटिमीटर. चेंडूची त्रिज्या ३.३ सेंटिमीटर हिशेबात घेतली, तर जाळं चुकवण्यासाठी सुरुवातीचा उतार दर मीटरला १३.२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि बॉक्समध्ये पडण्यासाठी ११.५ पेक्षा कमी नको. हा फरक कोनात मांडला तर जेमतेम १ अंश! घड्याळाचा मिनिटकाटा १० सेकंदांत सरकतो, तेवढाच. उतार जास्त झाला की चेंडू जाळ्यात, कमी पडला की रेषेबाहेर. संपर्काची उंची ३ मीटर केली की हीच फट १.३ अंश होते. गुडघे वाकवून वर झेपावण्याचा खरा फायदा हा आहे.

पहिली सर्व्हिस चुकली तर आणखी एक संधी मिळते; त्या दुसऱ्या सर्व्हिसला चूक झाली की गुणच जातो, म्हणून तिथे टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी. रॅकेट चेंडूच्या पाठीवरून खालून वर घासत नेली की चेंडूचा वरचा भाग पुढे फिरतो. चेंडूवरची लोकर हवेला धरते, मागे सुटणारी हवा वरच्या बाजूला वळते आणि तिची प्रतिक्रिया चेंडूला खाली दाबते. हा दाब चेंडूच्या वजनाच्या निम्मा आणि सरासरी वेग सेकंदाला ४० मीटर धरला, तर फट जवळपास २ अंशांची होते. बदल्यात समोरच्याला जास्त वेळ मिळतो.

बिनतोड सर्व्हिस पडली की काही खेळाडू पुढच्या गुणासाठीही तोच चेंडू मागतात. त्यात शकुनापलीकडे काही नाही. पण हातातल्या चेंडूंतून कमी लोकर विस्कटलेला निवडणं शहाणपणाचं आहे, कारण त्याला हवा कमी अडवते.

सर्व्हिसचा वेग मोजणाऱ्या रडारवरच्या आकड्यानेही फार भुलू नये. २००४ मध्ये डेव्हिस कप या देशादेशांमधल्या टेनिस स्पर्धेत रॉडिकची एक सर्व्हिस ताशी २४९ किलोमीटर नोंदली गेली. तो वेग रॅकेटवरून सुटतानाचा. हवेचा रोध आणि टप्पा यांनंतर समोरच्यापर्यंत जवळपास निम्माच उरतो. पण २.८ मीटरवरून इतक्या जोरात मारायचं, तर फट पाऊण अंशाहूनही अरुंद होते.