इन्सुलिन टोचण्याची पद्धत

इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते गिळले तर पोटात पचून जाते, म्हणून त्वचेखालच्या चरबीत टोचावे लागते. जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत लेनर्ड टॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिले गेले. आज बहुतेक रुग्ण ते घरीच घेतात. डोस ठरल्याप्रमाणे घेऊनही साखर वरखाली होत असेल, तर औषधाला दोष देण्याआधी टोचण्याची रीत तपासावी.

भारतात सर्वांत घातक चूक होते ती सिरिंजची. आपल्याकडे 10 मिलिलिटरची साधी कुपी बहुधा यू-40 असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. पेनमधले (पेनासारख्या, सुई लावून टोचायच्या साधनातले) आणि काही नव्या कुप्यांमधले इन्सुलिन यू-100 असते. यू-40 सिरिंजचे टोपण लाल, यू-100चे नारिंगी. घाईत दोन्ही सारखीच दिसतात. यू-100 कुपीतले औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात 50 युनिट जातात आणि साखर धोकादायकरीत्या उतरते. उलट केले तर 20ऐवजी 8च युनिट मिळतात. म्हणून दुकानातून सिरिंज घेताना कुपी सोबत न्यावी आणि दोन्हींवरचा आकडा जुळवून पाहावा. पेनच्या काडतुसातून सिरिंजने औषध ओढू नये.

दुधाळ दिसणारे इन्सुलिन, उदाहरणार्थ 30/70 (दोन प्रकारच्या इन्सुलिनचे तयार मिश्रण), तळाशी बसते. कुपी किंवा पेन दोन्ही तळव्यांमध्ये 10 वेळा हलकेच फिरवावे आणि 10 वेळा उलटसुलट करावे. जोरात हलवू नये, फेस होतो आणि डोस चुकतो. साधे पारदर्शक आणि दुधाळ एनपीएच (सावकाश काम करणारे इन्सुलिन) एकाच सिरिंजमध्ये घ्यायचे असेल तर आधी पारदर्शक ओढावे. ग्लार्जिन हे दिवसभर पुरणारे इन्सुलिन पारदर्शक असले तरी ते कशातही मिसळत नाहीत.

पोटावर बेंबीपासून दोन बोटे जागा सोडून, मांडीच्या वरच्या बाहेरील भागात किंवा नितंबावर टोचतात. पेनची 4 मिलिमीटरची सुई सरळ घालावी. सिरिंजची सुई लांब असल्याने त्वचेची चिमटी धरावी लागते. पेनमधून दर वेळी आधी 2 युनिट हवेत सोडावीत, सुईच्या टोकाशी थेंब दिसला पाहिजे. बटण पूर्ण दाबल्यावर 10 आकडे मोजून मगच सुई काढावी, नाहीतर औषध बाहेर झिरपते. टोचलेली जागा चोळू नये.

एकाच ठिकाणी रोज टोचल्याने तिथे मऊ किंवा टणक गाठ तयार होते. गाठीवर दुखत नाही, म्हणून रुग्ण नेमकी तीच जागा निवडतात. पण तिथून औषध कधी कमी तर कधी एकदम शोषले जाते. बोटे फिरवून अशा गाठी शोधाव्यात आणि प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून बोटभर रुंदी सोडून द्यावी. गाठ सोडून चांगल्या जागी वळताना डोस कमी करावा लागू शकतो, ते डॉक्टरांना विचारूनच करावे.

न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसला, फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात ठेवावे. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही टाकूनच द्यावे. वापरातली कुपी किंवा पेन घरातल्या गारव्यात साधारण चार आठवडे टिकते, नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात फ्रीज नसेल तर कुपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून छोट्या मडक्यात आणि ते मडके पाणी किंवा ओली वाळू भरलेल्या मोठ्या मडक्यात सावलीत ठेवावे. मातीतून पाणी झिरपून सुकत राहते, त्याने आतला भाग गार राहतो. उभ्या गाडीच्या डिकीत इन्सुलिन कधीच ठेवू नये.

टोचून जेवण लांबले की घाम, थरथर, धडधड सुरू होते. रक्तातली साखर 70च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग जेवावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावे.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवाव्यात. कचऱ्यात मोकळ्या टाकलेल्या सुया कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला टोचतात.