पाचवीतील मुलांसाठी लेखनवर्ग : पालकांसाठी माहितीपत्रक

शिक्षण हक्क कायद्याच्या रचनेत प्राथमिक टप्पा पाचवीला संपतो. सहावीपासून उत्तरे लांबत जातात. इतिहासात ‘कारणे लिहा’ येते, विज्ञानात प्रयोगाची कृती लिहावी लागते. चार वाक्ये स्वतःच्या शब्दांत जुळवता येत नसतील, तर अडचण मराठीच्या पेपरापुरती राहत नाही. म्हणून आमचा वर्ग फक्त पाचवीच्या मुलांसाठी आहे.

चौथी-पाचवीत बऱ्याच घरांत शिष्यवृत्तीची नाहीतर नवोदयची तयारी चालू असते. ती जरूर करावी. उतारा नीट वाचण्याची सवय त्यातून लागते. पण या परीक्षांत योग्य पर्यायाचा गोल रंगवायचा असतो, वाक्य लिहायचे नसते. हाताने लिहिण्याचा सराव नेमका याच काळात मागे पडतो आणि ते सहावीत गेल्यावर लक्षात येते.

“त्याला काही सुचतच नाही” असे पालक आम्हांला फार वेळा सांगतात. तेच मूल लिफ्टमध्ये अडकल्याची गोष्ट मित्राला दहा मिनिटे रंगवून सांगत असते. सुचते सगळे. ते वहीत लिहिण्याजोगे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. निबंध म्हणजे गाईडमध्ये छापलेले, अशी त्याची समजूत झालेली असते.

म्हणून आमच्याकडे पहिली वीस मिनिटे वह्या बंद असतात. मुले आधी तोंडी सांगतात. गेल्या पावसाळ्यात एका मुलीने ‘माझा आवडता ऋतू’ असा लिहून आणला होता : “पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. सगळीकडे हिरवेगार होते. मोर थुईथुई नाचतो. बेडूक डराव डराव करतात.” आम्ही तिला विचारले, “मोर नाचताना कुठे पाहिलास?” पाहिला नव्हता. “मग तुमच्याकडे पाऊस आला की काय होतं?” ती सांगू लागली. आई गॅलरीतले कपडे काढायला धावते, एकदा बाबांची विजार खाली उभ्या रिक्षावर पडली, रिक्षावाले काका ती घेऊन तीन जिने चढून आले आणि मग आईने त्यांना चहा दिला. तिने हेच लिहिले. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या, पण तो पाऊस तिच्या घरचा होता. वर्गातल्या सगळ्या मुलांनी तो कान देऊन ऐकला.

त्या सात चुका आम्ही त्या दिवशी दाखवल्या नाहीत. यावर काही पालक नाराज होतात, म्हणून कारण सांगतो. पहिल्याच खर्ड्यावर लाल शाई सांडली की मूल चुकांपासून पळायला शिकते. ‘मुले कुजबुजत होती’ असे त्याच्या मनात असते, पण ‘कु’ पहिला की दुसरा याची खात्री नसते. मग ते ‘मुले बोलत होती’ लिहून मोकळे होते. वही स्वच्छ दिसते आणि शब्द मात्र हातचा जातो. आमच्याकडे पहिल्या खर्ड्यावर फक्त प्रश्न लिहिलेले असतात : “इथे कोण बोलले?”, “हे आधी झाले की नंतर?” दुसऱ्या खर्ड्यात वाक्ये आणि शब्द पाहतो. शुद्धलेखन तिसऱ्या फेरीत, आणि तेव्हा मात्र कसून. एकच मजकूर तीनदा लिहायला मुले सुरुवातीला कुरकुरतात. दिवाळीपर्यंत बरीचशी स्वतःहून खाडाखोड करू लागतात. आम्हांला ती खाडाखोड हवी असते.

साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत : १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार. पाचवीत त्यांतले तीन-चार पक्के झाले तरी पुष्कळ. शब्दाच्या शेवटी येणारी इ-ई, उ-ऊ मराठीत दीर्घ : पाटी, गहू, चाकू. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’ हे वेगळे, ते लक्षात ठेवायचे. ‘फूल’ पण ‘फुलाला’, ‘विहीर’ पण ‘विहिरीत’. हे मुलांना मोठ्याने म्हणायला लावले की कानालाच समजते. अनुस्वारावर आम्ही जास्त वेळ देतो, कारण त्याने अर्थ बदलतो. ‘मुलाने’ म्हणजे एकाने, ‘मुलांनी’ म्हणजे अनेकांनी. आणि सर एकटेच असले तरी ‘सरांनी’, कारण ते आदराचे अनेकवचन आहे.

विरामचिन्हांसाठी एक खेळ घेतो. एकही चिन्ह नसलेला उतारा एका दमात वाचायला देतो. दम लागला की स्वल्पविराम कशासाठी असतो ते सांगावे लागत नाही. जुन्या मोडी कागदांत ही चिन्हे नसत, मराठीत ती इंग्रजी अमदानीत मेजर थॉमस कँडी यांनी रुळवली, हे ऐकून मुलांना नवल वाटते.

घरच्या बोलीविषयी आमचे मत ठाम आहे. ‘पानी’, ‘व्हतं’, ‘नगं’ म्हणणाऱ्या मुलाला आम्ही ‘अशुद्ध बोलतोस’ असे कधीही म्हणत नाही. पाठातले उत्तर प्रमाण मराठीत लिहायचे, आणि गोष्टीत आजी बोलली तर तिचे बोलणे अवतरणचिन्हांत, तिच्याच शब्दांत : “आरं, पावसात नगं जाऊ.” कोणती भाषा कुठे वापरायची हे मुलाला कळले पाहिजे. घरच्या भाषेची लाज वाटली की मूल लिहिणेच टाळते.

महिन्यातून एकदा प्रत्येक मूल पन्नास पैशांचे पोस्टकार्ड लिहिते, आजी-आजोबांना, मावशीला, बदली होऊन गेलेल्या बाईंना. जागा थोडी, म्हणून काय सांगायचे ते आधी ठरवावे लागते. पत्ता आणि सहा आकडी पिनकोड मुलांनी स्वतः शोधून आणायचा. उत्तर येते तेव्हा वर्गात जो आनंद होतो, तो कोणत्याही शेऱ्याने होत नाही.

अक्षराबद्दल थोडेच. वळणापेक्षा वाचता येणे महत्त्वाचे. पूर्ण ओळ लिहून मग एकच लांब शिरोरेघ मारण्याची सवय असेल तर ती मोडतो, कारण त्याने शब्द एकमेकांना चिकटतात. पाचवीत पेन्सिल सुटून पेन येतो, तेव्हा पहिले काही आठवडे अक्षर बिघडते. त्या काळात रागावू नका.

घरी एवढे करा : रोज रात्री “आज काय झालं?” विचारा आणि मधे न बोलता ऐका. मुलाने लिहिलेले वाचताना आधी मजकुराबद्दल बोला. कृपा करून निबंध लिहून देऊ नका, पाठ करून घेऊ नका.

वर्ग आठवड्यातून दोनदा, सव्वा तासाचा. एका गटात बाराच मुले, कारण प्रत्येक खर्डा आम्ही स्वतः वाचतो. नोट्स देत नाही, गुणांची हमीही देत नाही. प्रवेशाआधी मुलाने एक दिवस वर्गात बसून पाहावे. त्याचे शुल्क नाही. त्या दिवशी दोनशे पानी एकरेघी वही, पेन आणि घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूची माहिती घेऊन या. ती कुणी आणली, कधी आणली, हे मुलाने घरातल्या मोठ्यांना विचारून यावे. पहिले लेखन त्यावरच असते.