जुन्या एअर रायफलची दुरुस्ती तिच्या किमतीहून महाग का पडते

पहिल्या महायुद्धापूर्वी बर्मिंगहॅममध्ये तयार झालेली बीएसए कंपनीची एअर रायफल कुणाच्या हाती आली आणि ती पूर्ववत करून घ्यावी असे त्याच्या मनात आले, तर कारागिराने सांगितलेला आकडा ऐकून तो बहुधा चमकतो. हमखास बदलाव्या लागणाऱ्या दोन वस्तू, म्हणजे आतली स्प्रिंग आणि ती ज्याला पुढे ढकलून हवेच्या दाबाने छर्रा उडवते त्या दट्ट्यावरचा वॉशर, फारशा महाग नसतात. तरीही एकूण खर्च बंदुकीच्या बाजारभावाजवळ जातो, कधी तो ओलांडतोही. हा पैसा कशाला लागतो हे समजण्यासाठी ही बंदूक कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या परिस्थितीत तयार झाली, ते पाहावे लागते.

‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’, म्हणजेच बीएसए, ही कंपनी शहरातल्या बंदूक-कारागिरांनी १८६१ मध्ये स्थापन केली. एका रायफलचा भाग दुसरीत बसला पाहिजे, या हिशेबाने यंत्रावर एकसारखे सुटे भाग काढणे हे तिच्या स्मॉल हीथ येथील कारखान्याचे वैशिष्ट्य होते आणि लष्करी रायफली हा तिचा मुख्य धंदा. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटन आणि बोअर शेतकरी यांच्यात चाललेले दुसरे बोअर युद्ध १९०२ मध्ये संपले, सरकारी मागणी आटली आणि यंत्रांना काम कमी पडू लागले. याच शहरातले बंदूक-निर्माते लिंकन जेफ्रीज यांनी १९०४ मध्ये एका नव्या रचनेचे पेटंट घेतले. तोवर ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या कित्येक एअर गन जर्मनीहून येत, नळी वाकवून भरल्या जात आणि नेमापेक्षा करमणुकीलाच अधिक उपयोगी पडत. जेफ्रीज यांच्या रचनेत नळी पक्की होती आणि तिच्याखालचा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची होती, त्यामुळे नेम हलत नसे. बीएसएने १९०५ पासून ही रायफल बनवायला घेतली.

ग्राहकही तयार होते. बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमबाजीची धास्ती घेतलेल्या ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकांना नेमबाजी शिकवण्याची चळवळ उभी राहिली होती आणि छोट्या रायफलींच्या क्लबांची संस्था १९०१ मध्येच स्थापन झाली होती. त्याच्या जोडीला बर्मिंगहॅम आणि आसपासच्या मद्यगृहांत एअर रायफलच्या स्पर्धा चालत. लोखंडी पाटीतल्या बारीक छिद्रावर सहा-सात यार्डांवरून नेम धरायचा, छर्रा आरपार गेला की मागची घंटा वाजायची. या खेळासाठी लष्करी रायफलच्या तोलामोलाचे यंत्रकाम असलेली बंदूक कामगाराला मिळू लागली, आणि आज दुरुस्ती करणाऱ्याची अडचण नेमकी इथूनच सुरू होते. त्या काळी कुशल हातांची मजुरी स्वस्त होती आणि यंत्रे आधीच उभी होती. आता तेच काम एकट्या माणसाला, एका वेळी एकाच बंदुकीसाठी करावे लागते, आणि मोल त्याच्या तासांचे असते.

नळी पक्की असल्यामुळे छर्रा मागून घालता येत नाही. त्यासाठी नळीच्या मुळाशी, जुन्या पितळी नळाच्या तोटीत असतो तसा, फिरणारा निमुळता खुंटा बसवलेला असतो. तो वळवून त्याच्या भोकात छर्रा टाकायचा आणि पुन्हा फिरवून भोक नळीच्या रेषेत आणायचे. कारखान्यात यंत्रे कितीही असली तरी हा खुंटा ज्या त्या बंदुकीत घासूनच बसवावा लागे. शंभर वर्षांच्या वापराने तो झिजला की हवा निसटते आणि छर्रा दुबळा पडतो. दुसऱ्या बंदुकीतला खुंटा काढून घातला तर तो बहुधा नीट बसत नाही. मग लेथवर किंचित मोठा खुंटा कातून बारीक पुडीने त्याच घरात घासत राहावे लागते. माझ्या मते संपूर्ण दुरुस्तीतले सर्वांत कौशल्याचे काम हेच आहे, आणि बिलावर मात्र त्याची जेमतेम एक ओळ असते.

बंदूक उघडणेही सोपे नसते. युद्धापूर्वीच्या या रायफलींमध्ये चापाचा ठोकळा आट्यांनी सिलिंडरमध्ये बसवलेला असतो आणि जुने तेल व गंज यांनी ते आटे जखडून जातात. आत स्प्रिंग ताणात असते, म्हणून जोर लावतानाही सावध राहावे लागते. स्क्रूंच्या खाचा अरुंद असतात. बाजारातला पेचकस त्या फोडतो, म्हणून प्रत्येक खाचेसाठी पाते घासून घेणारे कारागीर आहेत. आटे मेट्रिक नसल्याने हरवलेला स्क्रू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, तो करूनच घ्यावा लागतो. त्या मानाने दट्ट्याचा चामडी वॉशर सोपा. ज्यांनी रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपातला वॉशर तेलात भिजवून फुगवला आहे, त्यांना हे काम वेगळे शिकवावे लागणार नाही.

बाहेरच्या रूपाचा प्रश्न याहून नाजूक आहे. सिलिंडरवर कंपनीचे नाव आणि तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेले चिन्ह असते, पण ते खोल कोरलेले नसून आम्लाने उथळ उमटवलेले असते. गंजाचे खड्डे काढण्यासाठी पृष्ठभाग घासला की अक्षरे जातात, आणि अक्षरे गेली की संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. निळसर-काळा थर नव्याने चढवला, अक्रोडाचा दस्ता चकचकीत केला आणि त्यापायी बंदूक आधीपेक्षा स्वस्त झाली, असे सहज घडते. लष्करी रायफलच्या धर्तीवर बनवलेली बीएसएची एअर रायफल तर इतकी दुर्मिळ आहे की जाणकार तिला घासकागद लावू देत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाने कारखाना पुन्हा लष्करी कामाला जुंपला. १९ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात स्मॉल हीथ येथे ५३ कामगार मरण पावले. १९४८ मध्ये आलेल्या बीएसएच्या ‘एअरस्पोर्टर’ या एअर रायफलमध्ये जेफ्रीज यांची मूळ कल्पना टिकली, फक्त दांडा दस्त्यात लपला आणि खुंटा आपोआप उघडू लागला. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९६८ च्या शस्त्र कायद्याखाली १९६९ मध्ये झालेल्या नियमांनी १२ फूट-पौंडांहून अधिक ऊर्जेच्या एअर रायफलसाठी परवाना सक्तीचा केला. तेव्हापासून जुन्या बंदुकीत अधिक ताकदीची स्प्रिंग घालण्याचा मोह हा कायद्याचाही प्रश्न झाला आणि काम झाल्यावर छर्ऱ्याचा वेग वेगमापकावर तपासणे कारागिराच्या कामात आले.

बीएसएच्याच १९५९ च्या ‘मेटिऑर’ने दुरुस्तीचा हिशेबच बदलला. नळी वाकवून भरायची ही हलकी, स्वस्त बंदूक प्रचंड संख्येने खपली. १९८६ मध्ये बीएसएच्या बंदूक विभागाची मालकी गॅमो या स्पॅनिश कंपनीकडे गेल्यावरही ‘मेटिऑर’ हे नाव चालू राहिले. तिचे सुटे भाग मुबलक आहेत आणि ती उघडायला लेथ लागत नाही, पण नुसता निळसर थर नव्याने चढवण्याच्या खर्चात दुसरी वापरलेली ‘मेटिऑर’ येऊ शकते. त्यामुळे तिच्या बाबतीत कारागीर दोन बिघडलेल्या बंदुका समोर ठेवतात आणि त्यांतून एक चालती करतात.