वाचाघात

वाचाघात : मेंदूतील भाषेशी निगडित भागांना इजा झाल्याने बोलणे, ऐकलेले समजणे, वाचणे व लिहिणे यांत येणारी विकृती. बहुधा पक्षाघाताच्या झटक्यानंतर उद्‌भवते. डोक्यास मार, मेंदूतील गाठ ही अन्य कारणे. जीभ-ओठांचे स्नायू दुबळे झाल्याने येणारी बोबडी हा निराळा विकार. व्यवहारात दोहोंनाही ‘वाचा बसली’ म्हणतात.

या विषयाचा आरंभ सामान्यतः १८६१ पासून धरतात. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातील लबोर्न्य हा रुग्ण कोणत्याही प्रश्नाला ‘तान, तान’ एवढेच उत्तर देई. संतापला की मात्र एक शिवी स्पष्ट उमटे. त्याच्या मृत्यूनंतर फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी डाव्या ललाटखंडातील (कपाळामागील मेंदूच्या भागातील) इजा दाखवली. तथापि त्या वर्षी त्यांचा भर ललाटखंडावर होता, डाव्या बाजूवर नव्हे. भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाशी (डाव्या गोलार्धाशी) निगडित असते, हे प्रथम दाखवण्याचे श्रेय वादग्रस्त आहे. फ्रेंच वैद्य मार्क दाक्स यांनी १८३६ मध्ये माँपेलिए येथे याविषयी निबंध वाचला, असा दावा करून त्यांचे पुत्र ग्युस्ताव यांनी तो मार्च १८६३ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीकडे धाडला. ब्रोका यांनी चौकशी केली, पण निबंध वाचल्याची नोंद मिळाली नाही. हस्तलिखित अस्सल असावे, असे मानण्याकडे कल आहे. मात्र प्रसिद्ध न झाल्याने १८६३ पूर्वीच्या संशोधनावर त्याचा प्रभाव दिसत नाही. डाव्या गोलार्धाविषयीचे ब्रोका यांचे निःसंदिग्ध प्रतिपादन १८६५ चे. वाचाघाताची ‘अफेझिया’ ही रूढ पाश्चात्त्य संज्ञा त्यांची नव्हे; ती फ्रेंच वैद्य त्रुसो यांनी १८६४ मध्ये सुचवली. लबोर्न्यच्या जतन केलेल्या मेंदूचे २००७ मध्ये एमआरआय चित्रण प्रसिद्ध झाले. त्यात इजा ब्रोका यांनी पृष्ठभागावर पाहिली त्याहून बरीच खोल आढळली. त्यामुळे ब्रोका यांनी दाखवलेल्या भागाची, म्हणजे ‘ब्रोका क्षेत्रा’ची, इजा हेच त्याच्या विकाराचे एकमेव कारण मानणे आता कठीण आहे.

जर्मन वैद्य कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ मध्ये उलट प्रकार वर्णिला : बोलणे अस्खलित, पण अर्थहीन, समज क्षीण. लबोर्न्यसारख्या, म्हणजे ब्रोका प्रकारात समज बरीच शाबूत, बोलणे तुटक. मराठीत अशा वेळी विभक्तिप्रत्यय गळतात : ‘काल... दवाखाना... सून...’. कंगवा दाखवल्यास रुग्ण ‘ते... केस...’ म्हणत हाताने विंचरून दाखवतो. नाव आठवत नसूनही एक ते दहा आकडे किंवा पाठ असलेला अभंग काहींना सलग म्हणता येतो. लबोर्न्यची शिवी याच जातीची.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत अधिक होते. वाक्-उपचारांनी पुढेही होऊ शकते.