लग्न झालं म्हणून मुलीचा हिस्सा जात नाही

"लग्नात खर्च केला, आता माहेरच्या जमिनीत मुलीला काही नाही," हे कराड-वाळव्याकडं अजूनही ऐकू येतं. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. लग्न झालेलं असो वा नसो. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत वाटणी कायम राहते.

खात्री करायची तर सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक पाहा, तो फेरफार (म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या बदलाची नोंद) काढा आणि वारसांत बहिणींची नावं आहेत का ते तपासा. नाव नसलं तरी हक्क बुडत नाही. सातबारा हा महसुली उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. फसगत होते ती हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा सोडून देण्याच्या दस्तावर, न वाचता केलेल्या सहीनं. नोंदणीपूर्वी गट क्रमांक आणि क्षेत्र मोठ्यानं वाचून घ्यावं.